पहाटेच्या माणसांआधी

शिरो मेदा, अदिस अबाबा
बुधवार

प्रिय अत्सेदे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र तसंच कोपऱ्यात टाकून देशील अशी भीती वाटते, म्हणून आधीच हात जोडतो. चौदा वर्षांत मी तुला सात पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही, तुझ्या जागी मी असतो तर मीही लिहिलं नसतं. पण हे आठवं मात्र शेवटपर्यंत वाच. कामावर, त्या गाड्या लावायच्या जागेतल्या काचेच्या खोक्यात बसून वाचू नकोस. घरी जा, बूट काढ, कॉफी ठेव आणि मग उघड. ताडेलेची मुलगी शुक्रवारी विमानात बसते आहे, तिच्या हाती देतो. शनिवारी काहीही झालं तरी तुझ्याच हातात द्यायचं, असं तिच्याकडून तीनदा वदवून घेतलंय. ती बिचारी म्हणाली, "गाशे ताफेसे, काका, एवढं काय आहे त्यात, सोनं?" मी म्हटलं, जुन्या गप्पा आहेत.

इकडचं सांगायचं तर सैनिकांचं राज्य जाऊन दोन वर्षं झाली, तरी रस्त्याने चालताना मागे वळून बघायची माझी सवय गेलेली नाही. थिएटरचं छप्पर गळतं. ऑर्केस्ट्रातले आम्ही चार म्हातारे उरलोय. गाशे बेयेने अजून ट्रम्पेट घेऊन बसतात, पण पुढचे दात पडल्यामुळे फुंक बाजूने सुटते आणि आम्ही सगळे ऐकूच आलं नाही असं दाखवतो. मेर्काटो बाजाराच्या फुटपाथवर तुझ्या जुन्या रेकॉर्डच्या कॅसेट करून विकतात. वरचा फोटो दुसऱ्याच कुठल्या बाईचा असतो. गेल्या महिन्यात टॅक्सीत तुझं ते नवरीचं गाणं लागलं होतं. ड्रायव्हर विशीतला असेल. म्हणाला, "काय गायची ही बाई! सुदानची हद्द ओलांडताना मेली म्हणे." मी म्हटलं, मेली नाही, अमेरिकेत आहे. त्यावर तो म्हणाला, "मग गात का नाही?" मी माझा थांबा यायच्या आधीच उतरलो.

काय सांगणार होतो त्याला? सतरा वर्षांची तू मावशीचे बूट घालून थिएटरच्या ऑफिसात आलीस ते मी पाहिलंय. बूट दोन बोटं मोठे होते, पाऊल उचललं की टाच बाहेर यायची. गाशे बेयेने म्हणाले, "गा काहीतरी." तुला येत होती फक्त मयताची गाणी. नऊ वर्षांची असल्यापासून तू आईच्या मागे उभी राहून तीच म्हणत आली होतीस. या डोंगराखाली कुणाच्याही घरी माणूस गेलं की तंबू लागायचा आणि बोलावणं जायचं तुझ्या आईला, एमामा लाकेचला. गेलेल्याचं नाव, त्याचं काम, त्याच्या खोडीसुद्धा ती दोन-दोन ओळींत बांधून गायची आणि दगडासारखी बसलेली माणसं हमसून रडायची. तू तसंच गायलीस, त्या ऑफिसात, सकाळी दहा वाजता, कुणीही मेलेलं नसताना. टायपिस्ट बाईंनी मशीनवर डोकं टेकलं. गाशे बेयेनेंनी चष्मा पुसला आणि विचारलं, "पोरी, आवाज आहे तुला. पण लग्नाला बोलावलं तर काय करशील? नवरीला पुरून येशील?" तू खळखळून हसलीस. मी मागे अकॉर्डियन उघडून बसलो होतो, तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणालीस, "आणि हा लोहार कोण, भाता घेऊन बसलाय?" त्या दिवसापासून मी लोहार झालो. आमच्या गल्लीतली पोरंसुद्धा अजून मला त्याच नावाने हाक मारतात.

मग दोन वर्षांत तू कुठल्या कुठे गेलीस. रेडिओ, रेकॉर्ड, सम्राटांच्या पाहुण्यांसमोरचे कार्यक्रम. लोक रांगेत उभे राहून तुझ्या कपाळाला नोटा चिकटवायचे आणि तू खांदे उडवत त्या तशाच गळू द्यायचीस. पण त्याच सुमारास पियासातल्या तीन घरमालकांनी तुला तोंडावर सांगितलं होतं, "गाणारणीला खोली देत नाही." चौथ्याकडे मी तुझा भाऊ म्हणून गेलो. खोली मिळाली, आणि त्यानंतर त्या वाड्यात मला जन्मभर तुझा भाऊच राहावं लागलं. ते मला किती जड गेलं हे मी तुला कधी बोललो नाही, आज बोलून टाकलं.

आईने तेव्हा सहा महिने तुझ्याशी अबोला धरला होता. "मी रडवते, त्यात पुण्य आहे. ही नाचवते," असं ती शेजारणींना सांगायची. पण दर गुरुवारी तुझ्या धाकट्या भावाच्या, अम्हाच्या हाती तुझ्यासाठी भाजलेले जव आणि घरची भाकरी यायचीच. तो डबा घेऊन विंगेत बसायचा, गणितं सोडवायचा आणि शिट्टीवर तुझं नवरीचं गाणं वाजवायचा, बहुतेक वेळा बेसूर. शेवटी त्यानेच आईला ओढत थिएटरात आणलं. पांढरी शाल डोक्यावरून घेऊन ती पहिल्या रांगेत ताठ बसली, टाळी एकदाही वाजवली नाही. कार्यक्रम संपल्यावर तुझा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, "हसतेस खरी गाताना, पण श्वास माझ्याच जागी घेतेस." तू त्या दिवशी रंग पुसायच्या आरशासमोर बसून किती रडलीस! मला वाटलं आता सगळं नीट झालं.

आता त्या शनिवारबद्दल लिहितो. सात पत्रांत मी त्याच्याभोवती फिरत राहिलो, आत शिरलो नाही. सम्राट जाऊन सैनिकांचं राज्य आलं त्याला तीन वर्षं झाली होती. संध्याकाळी संचारबंदी असल्यामुळे आपले खेळ दुपारी असायचे. पहिल्या रांगेत सैन्यातले अधिकारी कंबरेला पिस्तूल लावून बसायचे. त्या दिवशी बारा वाजता गाशे बेयेनेंनी आम्हाला सामानाच्या खोलीत बोलावलं, तुला सोडून सगळ्यांना. दार लावून म्हणाले, "अम्हा गेला. सकाळी कॉलेजच्या रस्त्यावर सापडला. छातीवर कागद होता." त्या दिवसांत सैनिक मारलेल्या पोरांच्या छातीवर 'क्रांतीचा शत्रू' असा कागद ठेवून जात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग ते म्हणाले, "पोरीला आत्ता कळता कामा नये. खेळ होऊ दे. उद्या पहाटे आपण सगळे मिळून जाऊ, रीतीप्रमाणे." आणि आम्ही माना डोलावल्या.

रीत तुला मी काय सांगू? मरणाची बातमी आपल्याकडे कुणी एकट्यादुकट्याने देत नाही. जेवताना, कामावर, परगावी, उभ्या-उभ्या देत नाही. जवळचे दहाजण पहाटे एकत्र दारात उभे राहतात, म्हणजे माणूस कोसळला तर धरायला हात असतात. चांगली रीत आहे, तिने कितीजणांना सावरलंय हे मी पाहिलंय. पंधरा वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो की त्या दुपारी आम्ही रीत पाळली. अत्सेदे, ते खोटं आहे. आम्ही घाबरलो होतो. कळल्यावर तू गायली नसतीस, ओरडली असतीस, आणि त्या पहिल्या रांगेने तुलाही नेलं असतं आणि मागे वाजवणाऱ्या आम्हालाही. तुला नेतील ही भीती खरी होती. मला नेतील ही त्याहून मोठी होती. रीत आयती हाताशी होती, तिच्या आड लपलो.

तू गायलीस. नवरीचं गाणं तीनदा म्हणायला लावलं लोकांनी. बायकांनी जिभा फिरवून आनंदाच्या किलकाऱ्या मारल्या. माझी बोटं चालत नव्हती, तर तू मध्येच वळून डोळा मिचकावलास आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "लोहारा, आज भाता झोपला का रे तुझा?" सभागृह हसलं. मीही हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दहाजण तुझ्या दारात होतो. तू उघडलंस, शालींचे काठ सुतकात घेतात तसे गळ्याशी वर घेतलेले पाहिलेस आणि एकच शब्द विचारलास, "कोण?" गाशे बेयेनेंनी सांगितलं. तुझं तोंड उघडलं, आणि फानायेने, तुझ्यामागे कोरसमध्ये गाणाऱ्या त्या पोरीने, आपली शाल तुझ्या तोंडात कोंबली, कारण अशा मेलेल्यांसाठी रडायचं नाही असा हुकूम होता आणि गल्लीच्या तोंडाला शिपाई उभा होता. तू तशीच जमिनीवर बसलीस. मग शाल काढून शांतपणे विचारलंस, "कधी?" काल सकाळी, असं कुणीतरी म्हणून गेलं. तू एकेकाकडे बघत गेलीस आणि शेवटी माझ्यावर थांबलीस. "म्हणजे काल दुपारी मी नाचत होते तेव्हा तुला माहीत होतं." मी मान खाली घातली.

आईचं तर त्याहून वाईट झालं. सगळ्या शिरो मेदाच्या मयतांना गाणारी बाई, आणि स्वतःच्या मुलासाठी तिला उसासाही टाकू दिला नाही. तंबू लागला नाही, घुगऱ्या शिजल्या नाहीत, कुणी भेटायला आलं नाही. प्रेत कुठे पुरलं तेही सांगितलं नाही. तिने तीन दिवस चुलीसमोर बसून कॉफीचे दाणे भाजले, पार कोळसा होईपर्यंत. त्यानंतर तू स्टेजवर पाय ठेवला नाहीस. आजारपणाचे दाखले मीच आणून देत होतो, तेवढीच माझी मदत. दीड वर्षाने तू गोंदरच्या बसमध्ये चढलीस, तिथून पुढे चालत सुदानची हद्द गाठायची होती. मी बसच्या खिडकीशी उभा होतो. तू म्हणालीस, "पुन्हा माझं कुणी मेलं, तर सगळ्यांच्या आधी मला सांग. पहाटेची वाट बघायची नाही, माणसं जमवायची नाहीत. जमत नसेल तर मला तोंड दाखवू नकोस." मी हो म्हटलं. बस सुटली.

तेव्हापासून दर रविवारी मी एमामा लाकेचकडे जात आलो. तुझ्या वाटची भाकरी मला मिळायची आणि तुझ्या वाटचे टोमणेही. "अकॉर्डियन एवढं ओढतोस, एखादी बायको ओढून आणली असतीस तर!" हे तर दर रविवारचं. सैनिक गेल्यावर गेल्या वर्षी शहराबाहेरचे, मारलेल्यांना पुरलेले खड्डे उकरले. अम्हा सापडला, त्याच्या निळ्या स्वेटरवरून. आईनेच विणलेला, कोपराला हिरवी लोकर लावलेला. मग इद्दिरच्या, मयताला धावून येणाऱ्या आपल्या मंडळाच्या लोकांनी तंबू ठोकला, बाकं मांडली, पंधरा वर्षांनी घुगऱ्या शिजल्या, आणि तुझी आई उठून उभी राहिली. अत्सेदे, तसं गाणं मी आयुष्यात ऐकलं नाही. दोन ओळी सांगतो, बाकी मला लिहवत नाही.

सुईच्या टोकाएवढी दुःखं लोकांची, गावभर गात फिरले,
डोंगराएवढं माझं होतं, ते पदरात बांधून बसले.

शेवटी तिने गाताना तुझ्या नावाने हाक मारली. मयताच्या गाण्यात बहिणीने ओळ उचलायची असते, तशी जागा ठेवून ती थांबली. कोणीही ती ओळ उचलली नाही. तू फोनवर देगेफेकडून हे अर्धंमुर्धं ऐकलं असशील. तुझ्या मामेभावाला चार वाक्यं धड सांगता येत नाहीत.

आता माझा दुसरा गुन्हा कबूल करतो, हा तुला माहीत नाही. आई दर रविवारी मला विचारायची, "तिकडे गाते का रे ती?" तुला फोनवर कधी विचारायची नाही. म्हणायची, विचारलं तर तिला वाटेल मी गा म्हणून मागे लागले. पहिली दोन-तीन वर्षं मी विषय टाळला. मग एका रविवारी तिचा चेहरा बघवेना, तेव्हा म्हणून गेलो, "गाते की. चर्चमध्ये गाते, लोक रडतात म्हणे." ती इतकी खूश झाली, की पुढच्या रविवारी मला अजून रचावं लागलं. असं करत करत मी तुझी एक अख्खी कारकीर्द उभी केली. तुझे कार्यक्रम, तुझा पांढरा झगा, तुझ्या मागे वाजवणारा एक अमेरिकन, ज्याच्यावर मी स्वतःच जळायचो. दहा वर्षं तू माझ्या थापांमध्ये गात होतीस. अम्हाच्या तंबूनंतर आईने शेजारणींना, इद्दिरच्या प्रमुखांना, सगळ्यांना बोलावून बजावलं, "माझ्या वेळी कुणीही गायचं नाही. एक ओळसुद्धा नाही. माझी गाणारी आहे, ती गाते आहे, ताफेसे सांगतो ना. माझं तीच गाईल." सगळ्यांनी तिला वचन दिलं. मी तिथेच होतो. खरं सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं, मला तेवढंच येतं.

अत्सेदे, तुझी आई गेल्या आठवड्यात, मंगळवारी गेली. कॉफीचा पहिला पेला झाला होता, शेजारीण दुसरा ओतत होती, ती भिंतीला टेकून बसली होती आणि बसल्याजागी गेली. फार हाल झाले नाहीत. बुधवारी मिकाएलच्या चर्चमागे तिला पुरलं. अख्खा डोंगर उतरून आला होता. ज्यांच्या आया, बाप, नवरे, लेकरं तिने गाऊन पोहोचवली ते सगळे तिथे उभे होते, आणि दिलेल्या वचनाला जागून एकानेही तोंड उघडलं नाही. मातीचा आवाज तेवढा येत होता. पहिल्यांदा शिपायांनी या घराचं रडणं गिळायला लावलं होतं, या वेळी माझ्या थापेने लावलं. देगेफेने तिकडच्या मंडळींना कळवलंय. कामाच्या दिवशी तुला सांगायचं नाही, म्हणून रविवारी पहाटे ते तुझ्या दारात येतील, वडीलधारे आणि चर्चमधल्या बायका, दहा-बाराजण. देगेफेने मला शपथ घातली की तोवर तुझ्या कानावर जाता कामा नये. मी ती मोडली. पानंच्या पानं मी तुझ्या उंबऱ्यावर घुटमळत होतो हे मला कळतंय, पण या वेळी रविवार उजाडायच्या आत आलो. ते येतील तेव्हा दार उघड. त्यांना वाटू दे की त्यांनीच सांगितलं, चांगली माणसं आहेत, लांबून येतील. तिथे कुणी तुझ्या तोंडात शाल कोंबणार नाही. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला अजून महिना आहे आणि इकडे एमामासाठी गाणाऱ्याची जागा रिकामी ठेवलीय. तू गाशील की नाही ते तुझं तू ठरव. गायलीस तर मला कळवू नकोस, पत्रही पाठवू नकोस. फक्त श्वास तिच्याच जागी घे.

तुझाच,
लोहार ताफेसे